वर्तनावरून संगणकीय धोके ओळखणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील पतसंस्था, हॉटेले, औषधांचे कारखाने आणि शिक्षणसंस्था यांचा संगणक विभाग बहुधा दोन-तीन माणसांचा असतो, आणि सुरक्षेचे काम त्यांच्याच गळ्यात इतर दहा कामांबरोबर पडलेले असते. अशा संस्थांचे व्यवस्थापक, सचिव आणि संचालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. तांत्रिक शब्द जेथे रूढ आहेत तेथे तसेच ठेवले आहेत.

वर्तनावरून धोका ओळखणे म्हणजे नेमके काय?

आपल्या संगणकांवर, खात्यांवर आणि नेटवर्कवर रोज जे घडते त्याच्या नोंदी जमवायच्या, त्यांतून प्रत्येक खात्याचे आणि यंत्राचे नेहमीचे वागणे कसे आहे याचे गणिती मॉडेल तयार करायचे, आणि त्या वागण्यापासून लक्षणीय फारकत झाली की इशारा द्यायचा, ही या पद्धतीची मूळ कल्पना आहे. गावात पोदेर, म्हणजे पाववाला, रोज ठरावीक वेळी भोंपू वाजवत येतो तेव्हा कोणी मान वर करून पाहत नाही. तोच भोंपू रात्री दोन वाजता वाजला तर माणूस खिडकी उघडतो. भोंपू वाजवणे हा गुन्हा नाही, आणि खिडकी उघडणाऱ्यानेही अजून कोणावर आरोप केलेला नसतो.

या शेवटच्या मुद्द्याकडे फार दुर्लक्ष होते. मॉडेलचा इशारा हा निवाडा नसून प्रश्न असतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर संस्थेतले काम जाणणारा माणूसच देऊ शकतो.

आमच्याकडे अँटिव्हायरस आणि फायरवॉल आहे. मग हे कशाला?

पारंपरिक अँटिव्हायरस मुख्यतः ओळखीच्या घातक फायलींच्या खुणा शोधतो. चोरलेल्या पण खऱ्या पासवर्डने कोणी आत आला, किंवा विंडोजबरोबर आलेली, आज्ञा लिहून यंत्र चालवण्याची पॉवरशेलसारखी साधनेच त्याने वापरली, तर शोधण्यासारखी घातक फाइल तेथे नसतेच. फायरवॉललाही तो व्यवहार परवानगीतला वाटतो. अशा वेळी संशयास्पद असते ते फक्त वागणे : हे खाते, या वेळी, या यंत्रावरून, हे काम एरवी करत नाही.

म्हणून अँटिव्हायरस काढून टाकावा असे मुळीच नाही. ओळखीचा धोका खुणेवरून पकडणे स्वस्त पडते आणि त्यात चूकही कमी होते; वर्तनाचे मॉडेल हा त्यामागचा दुसरा पहारा आहे.

ही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेबरोबर आलेली नवी गोष्ट आहे का?

नाही. विक्रेते तसे भासवतात खरे, पण जेम्स अँडरसन यांनी १९८० मध्येच लिहिलेल्या अहवालात संगणकाच्या वापराच्या नोंदी तपासून गैरवापर ओळखता येईल असे मांडले होते. १९८७ मध्ये डोरोथी डेनिंग यांनी घुसखोरी ओळखण्याचे मॉडेल प्रसिद्ध केले. वापरकर्ता, तो ज्या गोष्टीला हात लावतो ती वस्तू, त्याच्या वापराचे सांख्यिकी चित्र आणि त्या चित्रात न बसणारी नोंद ही त्या मॉडेलची चौकट आजच्या महागड्या प्रणालींमध्येही जवळजवळ तशीच दिसते. १९९६ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठातील स्टेफनी फॉरेस्ट आणि सहकाऱ्यांनी माणसांऐवजी प्रोग्रॅमच्या वागण्याकडे लक्ष वळवले : एखादा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमला ज्या क्रमाने विनंत्या करतो, त्यांच्या छोट्या साखळ्या त्याची ओळख ठरवतात आणि त्यात अनोळखी साखळी आली की काही बिघडले आहे असे समजावे, असे त्यांनी दाखवून दिले.

नंतरच्या काळात बदलले ते नोंदींचे प्रमाण, त्या साठवण्याचा खर्च आणि गणिताची साधने. सरासरी आणि प्रमाण विचलन यांच्या जोडीला समूहीकरण (सारख्या नोंदींचे गट पाडणे), २००८ मध्ये मांडले गेलेले आयसोलेशन फॉरेस्ट (इतरांपासून वेगळ्या पडणाऱ्या नोंदी शोधण्याची पद्धत), न्यूरल नेटवर्कवर आधारलेले ऑटोएन्कोडर अशा पद्धती आल्या. लहान संस्थेत मात्र चांगल्या नोंदी आणि साधे सांख्यिकी यांनीच बरेचसे काम भागते, आणि ज्या नोंदीच धड नाहीत त्यांवर कितीही प्रगत गणित चढवले तरी उपयोग होत नाही.

कोणत्या नोंदी लागतात?

लॉगिनच्या नोंदी सर्वांत आधी. विंडोजमध्ये यशस्वी लॉगिनचा क्रमांक ४६२४, फसलेल्याचा ४६२५ आणि नवा प्रोग्रॅम सुरू झाल्याचा ४६८८ असतो. यांपैकी शेवटच्या प्रकारची नोंद बहुतेक ठिकाणी बंदच असते आणि ती मुद्दाम चालू करावी लागते. त्यानंतर ईमेल आणि क्लाउड सेवांच्या नोंदी, डीएनएसच्या विचारणा (कोणत्या यंत्राने कोणत्या संकेतस्थळाचा पत्ता विचारला त्याच्या नोंदी), फायरवॉलच्या नोंदी, आणि ज्या सॉफ्टवेअरवर संस्थेचा खरा कारभार चालतो त्याच्या स्वतःच्या नोंदी, म्हणजे पतसंस्थेत कोअर बँकिंग, हॉटेलात आरक्षणाची प्रणाली आणि कारखान्यात बॅचच्या नोंदी ठेवणारी प्रणाली.

नोंदी योग्य जागेवरून घेतल्या नाहीत तर काय होते, हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील हल्ल्यात दिसले. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दिवसांत ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली आणि त्यातला मोठा हिस्सा बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून काही तासांत काढला गेला. व्यवहाराला मंजुरी देणारी विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचण्याआधीच मधल्या मध्ये तिला खोटा होकार दिला जात होता. अशा हल्ल्यात केवळ मुख्य प्रणालीवर बसवलेले मॉडेल, ते कितीही चांगले असले तरी, शांत दिवस पाहत बसले असते.

एखादा इशारा प्रत्यक्षात कसा तयार होतो, ते दाखवाल का?

समजा, कळंगुटच्या एका हॉटेलात आरक्षण विभागाचे एक खाते आहे. महिन्याभराच्या नोंदींवरून असे दिसते की हे खाते एका पाळीत साधारण चाळीस-पन्नास पाहुण्यांच्या नोंदी उघडते, बहुतेक वेळा नाव किंवा खोली क्रमांक शोधून. दोन नोंदींमध्ये मिनिटभराचे, कधी दहा मिनिटांचे अंतर असते. आणि उघडलेल्या नोंदींपैकी निम्म्याअधिकांत काहीतरी बदल होतो, बिल छापले जाते किंवा ओळखपत्राची प्रत जोडली जाते.

एका रात्री २ वाजून ४० मिनिटांपासून ३ वाजून २० मिनिटांपर्यंत या खात्याने सहाशे नोंदी उघडल्या. त्या नाव शोधून उघडलेल्या नाहीत. त्यांचे क्रमांक ओळीने एकामागून एक आहेत. प्रत्येक दोन नोंदींमधले अंतर जवळपास चार सेकंद आहे. एकाही नोंदीत बदल नाही, एकही बिल छापलेले नाही.

यांतील प्रत्येक कृती त्या खात्याच्या अधिकारातली आहे, त्यामुळे कोणताही साधा नियम मोडलेला नाही. मॉडेल मात्र पाच गोष्टी वेगवेगळ्या तोलते. रात्रीच्या वेळेला ते फारसे वजन देत नाही, कारण हॉटेलात रात्रपाळी असते आणि दिवसाचा हिशेब रात्रीच बंद होतो. संख्येला अधिक वजन मिळते. ओळीने आलेल्या क्रमांकांना त्याहून अधिक, कारण समोर उभा असलेला पाहुणा क्रमाने येत नाही. चार सेकंदांचे एकसारखे अंतर माणसाच्या हाताचे नसते, ते स्क्रिप्टचे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञावलीचे असते. आणि केवळ वाचले, लिहिले काहीच नाही, हे पाहुण्यांची माहिती उपसून नेण्याचे लक्षण आहे. पाचही गुण मिळून जो आकडा येतो तो इशाऱ्यासाठी आधी ठरवलेल्या मर्यादेच्या, म्हणजे उंबरठ्याच्या, बराच वर जातो आणि इशारा निघतो.

आता दुसरी शक्यता. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचा माणूस त्या रात्री जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत माहिती हलवत असेल आणि त्याने सोयीसाठी आरक्षण विभागाचेच खाते वापरले असेल. नोंदी अगदी अशाच दिसतील. हे मॉडेलला कळणार नाही. रात्रपाळीच्या व्यवस्थापकाला एक फोन केला की कळेल. फोनचे उत्तर ‘हो, आमचेच काम होते’ असे आले तरी पुरवठादाराला स्वतंत्र खाते देण्याचा मुद्दा उरतोच.

आमच्या काउंटरवर चार जण एकच पासवर्ड वापरतात. चालेल का?

चालणार नाही. चार माणसांचे वागणे एका खात्यात मिसळले की त्या खात्याचे ‘नेहमीचे’ इतके पसरट होते की जवळजवळ काहीही त्यात बसते. इशारा निघाला तरी तो कोणाला विचारायचा हा प्रश्न राहतो. मॉडेलवर एक रुपयाही खर्च करण्याआधी प्रत्येकाला स्वतःचे खाते द्यावे.

गोव्यातल्या संस्थांसाठी काही वेगळे पाहावे लागते का?

होय, आणि बाहेरून आलेल्या तयार प्रणाली येथेच सर्वाधिक अडखळतात. ऑक्टोबर ते मार्च हा पर्यटनाचा हंगाम आणि पावसाळ्याचे महिने ही हॉटेलच्या दृष्टीने दोन वेगळी जगे आहेत. जुलैमध्ये शिकवलेले मॉडेल डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक खात्यावर बोट ठेवील. हंगामात येणारे तात्पुरते कर्मचारी तर त्याला पूर्णपणे अनोळखी असतात. अशा नव्या खात्याची तुलना त्याच्याच इतिहासाशी न करता, कारण इतिहास नाहीच, त्याच हुद्द्यावरच्या जुन्या खात्यांशी करावी लागते.

सणांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. ‘गेल्या वर्षी याच तारखेला काय होते’ अशी तुलना अनेक प्रणाली करतात. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आणि २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. चतुर्थीआधी पतसंस्थेच्या काउंटरवर उडणारी झुंबड आणि त्यानंतर कार्यालयात पसरणारी शांतता दरवर्षी वेगळ्या तारखांना येते. कार्निव्हल आणि शिगम्याचेही तसेच. संस्थेच्या सुट्ट्यांची आणि सणांची यादी दरवर्षी हाताने प्रणालीत भरणे हा यावरचा कंटाळवाणा पण एकमेव खात्रीचा उपाय आहे. सुट्टीचे दिवस मॉडेलमधून वगळून टाकणे हा मात्र उपाय नव्हे, कारण हल्लेखोर नेमके तेच दिवस निवडतात. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या खात्यातून पैसे काढण्याचे आदेश ४ फेब्रुवारी २०१६ च्या गुरुवारी रात्री निघाले. दुसऱ्या दिवशी तेथे साप्ताहिक सुट्टी होती. गोव्यात चतुर्थीला अर्धे कार्यालय मूळ गावी गेलेले असते, हे बाहेरच्यांनाही कळायला अवघड नाही.

तिसरी बाब विजेची. पावसाळ्यात वीज जाते आणि येते, सगळी यंत्रे एकदम सुरू होतात आणि एकाच मिनिटात पन्नास लॉगिन होतात. जुन्या यंत्राची आतली बॅटरी संपली असेल तर त्याचे घड्याळ भलत्याच वर्षात जाते आणि त्याच्या नोंदींचा क्रम बिघडतो. सर्व घड्याळे एका अधिकृत वेळेशी जुळवून ठेवणे ही केवळ सोय नाही, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या निर्देशांत तशी अटही आहे.

ठिकाणावरून निघणारे इशारेही येथे जपून वाचावेत. मोबाइल नेटवर्कवरून फोंड्यात बसून केलेले लॉगिन मुंबईचे किंवा बंगळुरूचे दिसणे नेहमीचे आहे. मात्र पणजीतून लॉगिन झाल्यावर वीस मिनिटांत त्याच खात्याने युरोपातून लॉगिन करणे हे व्हीपीएनचे (दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रामार्फत जोडणी करणाऱ्या सेवेचे) काम असेल किंवा चोरीचे. दोन्ही बाबतींत विचारणा व्हायला हवी.

खोटे इशारे किती येतात?

पुष्कळ, आणि याचे कारण बहुतेकदा मॉडेलचा वाईटपणा नसून साधे गणित असते. समजा, दिवसाला दोन लाख नोंदी तयार होतात आणि त्यांतल्या दोनच खरोखर घातक आहेत. मॉडेल इतके चांगले आहे की हजार निर्दोष नोंदींमागे ते एकदाच चुकते. तरीही दिवसाला सुमारे दोनशे खोटे इशारे येतील आणि खरे दोन त्यांत हरवतील. ‘९९.९ टक्के अचूक’ असे माहितीपत्रकात छापलेले असते तेव्हा या दोनशेंचा उल्लेख नसतो.

म्हणून प्रत्येक नोंदीवर इशारा न देता एका खात्याच्या दिवसभरातील सर्व विचित्र गोष्टींचे गुण एकत्र करून, वरच्या क्रमांकाची चार-पाच खातीच माणसापुढे ठेवणे शहाणपणाचे आहे. ज्या संस्थेत इशारे पाहणारा एकच माणूस आहे, तेथे त्याला रोज जेवढे नीट तपासता येतील तेवढेच इशारे निघावेत अशा बेताने उंबरठा ठरवावा. रोज दोनशे इशारे पाहणारा माणूस महिन्याभरात एकही पाहत नाहीसा होतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

याने खरोखर मोठा हल्ला पकडला गेल्याचे उदाहरण आहे का?

आहे. २०२० च्या अखेरीस अमेरिकेतील फायरआय या सुरक्षा कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या खात्याला दुसरा फोन जोडला गेल्याची नोंद दिसली. पासवर्ड बरोबर होता, दुसरी खातरजमाही पूर्ण झाली होती. कंपनीच्या माणसांनी त्या कर्मचाऱ्याला विचारले, तेव्हा तो फोन आपला नसल्याचे त्याने सांगितले. त्या धाग्यावरून तपास पुढे गेला आणि सोलरविंड्स या कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणात घुसवलेला मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, उघड झाला. तो अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोहोचला होता. येथे यंत्राने केलेले काम एक विसंगत नोंद पुढे आणण्याइतकेच होते. उरलेले काम विचारणाऱ्याने आणि खरे सांगणाऱ्याने केले.

रॅन्समवेअर याने थांबेल का?

रॅन्समवेअर म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम. तो कधी थांबेल, कधी फक्त नुकसान कमी होईल. एकाच प्रोग्रॅमने थोड्या वेळात शेकडो फायली वाचून पुन्हा लिहिणे, लिहिलेला मजकूर अगदी विस्कळीत आकड्यांसारखा दिसणे, विंडोजने आपोआप ठेवलेल्या फायलींच्या जुन्या प्रती पुसण्याची आज्ञा दिली जाणे या खुणा ठळक असतात आणि त्या दिसताच यंत्र नेटवर्कपासून आपोआप तोडता येते. पण हल्लेखोर त्याआधी बरेच दिवस आत वावरलेला असतो, आणि खरा फायदा ते वावरणे ओळखण्यात आहे. वर्डमधून पॉवरशेल सुरू होणे किंवा हिशेबनिसाच्या यंत्राने सर्व्हरवर दूरस्थ लॉगिन करणे ही त्याची नमुनेदार चिन्हे आहेत. नेटवर्कपासून तोडून वेगळ्या ठेवलेल्या बॅकअप प्रतीला मात्र पर्याय नाही.

हल्लेखोर मॉडेललाच फसवू शकतो का?

शकतो. मॉडेल शिकत असतानाच तो आत असेल तर त्याचे वागणेच ‘नेहमीचे’ ठरते. काही जण मुद्दाम हळूहळू पावले टाकतात, म्हणजे आज दहा नोंदी, उद्या बारा, परवा पंधरा, आणि सतत शिकत राहणारे मॉडेल त्यांच्याबरोबर सरकत जाते. यावर उपाय म्हणून स्वतःशी तुलना करण्याबरोबरच समान हुद्द्यावरच्या इतरांशी तुलना करावी, आणि काही मर्यादा मॉडेलच्या हाती न देता पक्क्या ठेवाव्यात. उदाहरणार्थ, ठरावीक रकमेवरील हस्तांतरणाला दुसऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी लागणारच.

कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवणे कायद्यात बसते का?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ७ मध्ये नोकरीशी संबंधित कारणांसाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी डेटाचा वापर हा वैध वापर मानला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आपल्या संस्थेला नेमके काय लागू होते हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

कायद्याच्या पलीकडेही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खाते आणि यंत्र यांच्या कामाच्या नोंदी पाहणे वेगळे आणि माणसाचे खाजगी संदेश वाचणे वेगळे. कोणत्या नोंदी, कशासाठी, किती दिवस ठेवल्या जातात आणि त्या कोण पाहतो, हे कर्मचाऱ्यांना त्यांना समजेल अशा भाषेत लेखी सांगावे. याच नोंदी कोणी किती वाजता चहाला गेले हे मोजण्यासाठी वापरल्या गेल्या, की लोक इशाऱ्यांना खरी उत्तरे देणे थांबवतात, आणि मग ही सगळी यंत्रणा आंधळी होते.

नोंदी किती दिवस ठेवाव्यात?

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांच्या नोंदी सुरक्षित ठेवाव्या लागतात. हंगाम लक्षात घ्यायचा असेल तर किमान वर्षभराचे सारांश तरी जपावेत.

सुरुवात कोठून करावी आणि खर्च किती?

सुरुवातीला मॉडेल विकत घेऊच नये. आधी प्रत्येकाचे स्वतंत्र खाते, जुळवलेली घड्याळे आणि एका जागी जमणाऱ्या नोंदी एवढे उभे करावे. त्यासाठी वाझुह किंवा झीकसारखी मुक्त साधने परवान्याच्या खर्चाशिवाय मिळतात. खर्च होतो तो साठवणुकीचा आणि ती चालवणाऱ्या माणसाच्या वेळेचा. मग सर्व खात्यांवर लक्ष ठेवण्याचा मोह टाळून ज्यांच्या चोरीने संस्था बुडेल अशी मोजकी खाती निवडावीत : प्रशासकाची खाती, पैसे पाठवण्याचा अधिकार असलेली खाती आणि बॅकअपची खाती. त्यांच्यापुरते चार प्रश्न रोज विचारले तरी पुष्कळ : लॉगिन नव्या यंत्रावरून झाले का, वेळ वेगळी होती का, नेहमीपेक्षा फार जास्त माहिती बाहेर गेली का, आणि खात्याचे अधिकार वाढले का.

पुरवठादार आलाच तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. आमच्याच गेल्या महिन्याच्या नोंदींवर चालवून दाखवाल का? इशारा का निघाला हे प्रणाली साध्या वाक्यात सांगते का? आमच्या सणांची यादी कोठे भरायची? तिसऱ्या प्रश्नावर तो गोंधळला तर घाई करू नये.

रात्री इशारा आला आणि तो खरा वाटतो. आधी काय करावे?

संबंधित माणसाला माहीत असलेल्या नंबरवर फोन करावा. त्याच खात्यावरून ईमेल पाठवून विचारू नये, कारण उत्तर हल्लेखोरच देईल. समाधान झाले नाही तर खाते बंद करून त्याची चालू सत्रे तोडावीत, केवळ पासवर्ड बदलून थांबू नये. यंत्र नेटवर्कवरून काढावे पण बंद करू नये, कारण मेमरीतील पुरावा वीज गेल्याबरोबर जातो. नोंदींची प्रत वेगळ्या जागी काढून ठेवावी. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर आणि आपल्या बँकेला कळवावे, त्यानंतर गोवा पोलिसांच्या सायबर गुन्हे ठाण्यात तक्रार नोंदवावी. सर्ट-इनला कळवण्याची मुदत घटना लक्षात आल्यापासून सहा तासांची आहे, आणि ती सकाळी कार्यालय उघडण्याची वाट पाहत नाही; म्हणून कळवण्याचा अधिकार कोणाचा, हे कागदावर आधीच ठरलेले आणि त्या व्यक्तीचा नंबर रात्रपाळीच्या टेबलावर लावलेला असावा.